दिपकच्या खात्याला तांड्याची साक्ष

मोहनसिंग गुरुजींनी "अर्ध्या तासाचं काम आहे" असं म्हटलं की रूपाबाई दोन दिवसांच्या भाकरी बांधायला घेत. हा नवऱ्यावरचा अविश्वास नव्हता, अनुभव होता. शाळेवरचे दोन पत्रे बदलण्याचं अर्ध्या तासाचं काम गुरुजींनी एकदा हाती घेतलं होतं, तेव्हा सबंध पावसाळा चौथीचा वर्ग सेवालाल महाराजांच्या देवळात भरला होता आणि पोरांचे पाढे आरतीच्या चालीत पाठ झाले होते. त्यामुळे २००४ सालच्या त्या फेब्रुवारीत गुरुजी ओट्यावर उभे राहून चार माणसांदेखत म्हणाले, "आता फक्त दिपकचं बँकेत खातं उघडायचं राहिलं, अर्ध्या तासाचं काम," तेव्हा आतून लगेच भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

दिपक म्हणजे गुरुजींचा थोरला. एअरकंडिशनरचं काम शिकला होता आणि मस्कतच्या एका कंपनीत लागला होता. पहिलीच नोकरी, तीही समुद्रापलीकडे. खैरी या बंजारा तांड्यातली माणसं ऊसतोडीला कर्नाटकापर्यंत जाऊन आली होती, पण समुद्र कुणी ओलांडला नव्हता. पासपोर्ट झाला होता, व्हिसा आला होता, डॉक्टरचं जीभ बघून झालं होतं. कंपनीनं एकच गोष्ट मागितली होती: इकडच्या बँकेत परदेशी पगार जमा होईल असं खातं उघडा आणि त्याचा नंबर शनिवार दुपारपर्यंत कळवा, नाहीतर मंगळवारचं तिकीट दुसऱ्याला जाईल. दुसरा कोण, हेही मुंबईच्या एजंटानं फोनवर सांगून टाकलं होतं. तो बिहारचा होता आणि त्याचं खातं तयार होतं.

गुरुजींची चूक एवढीच झाली, की ही बातमी त्यांनी गोरेगावच्या स्टँडवर मुंजाजीच्या हॉटेलात सांगितली. मुंजाजीच्या हॉटेलात चहा मागितल्याशिवाय बसता येत नाही आणि सल्ला घेतल्याशिवाय उठता येत नाही.

"पोष्टात टाका," मुंजाजी स्टोला पंप मारत म्हणाला. "माझ्या आज्याचं बी पोष्टातच व्हतं."

"मस्कतचा पैसा पोस्टात येतो का?" गुरुजींनी विचारलं.

"आल्याबिगर ऱ्हाईल? पत्रं येत्यात, तर पैसा काहून न्हाई येणार?"

रणजीत हा गुरुजींचा पुतण्या. गोरेगाव ते हिंगोली टेम्पो चालवतो, त्यामुळे जगाचं त्याला बरंच कळतं असं त्याचं स्वतःचं मत आहे. तो म्हणाला, "काका, नांदेडला खासगी बँक उघडली हाय. आत एसी. गेलं की पाणी विचारत्यात. भित्तीत मशीन हाय, कार्ड घातलं की खडखड करून नोटा भाईर."

"आणि मशीन चुकलं, तर भांडायचं कुणाशी?" गुरुजी म्हणाले.

हा मुद्दा सगळ्या हॉटेलाला पटला. जिथं भांडायला समोर माणूस नाही, ती बँक कसली? रणजीत हिरमुसला आणि खारी बुडवून खायला लागला.

मग शेषरावांनी घसा साफ केला. शेषराव म्हणजे गोरेगावच्या पतसंस्थेचे चेअरमन. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, आणि अर्ध्या तांड्याच्या ठेवी त्यांच्याकडे. "गुरुजी," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "घरची संस्था असताना पोरगं परक्या बँकेत? आता माझंच बघा. माझं जे काय हाय ते सगळं संस्थेत. पैसा कसा, डोळ्यासमोर पायजे."

गुरुजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मानलं नाही. त्यांनी हिंगोलीची सरकारी बँक ठरवली होती. तिला पितळी टोकन होतं, दोरीला बांधलेलं पेन होतं आणि दारात दुनळी बंदूक घेतलेला माणूस होता. पण बँक कुठलीही असो, एका बाबतीत गुरुजी हटणार नव्हते. खात्यावर दोन नावं पाहिजेत. वर दिपक मोहनसिंग राठोड आणि खाली मोहनसिंग राठोड. व्यवहाराला शिस्त राहते, असं ते सगळ्यांना सांगत. खरं कारण त्यांनी रूपाबाईंनाही सांगितलं नव्हतं. पैशाचा त्यांना लोभ नव्हता. पोरगं इतकं लांब चाललंय तर कुठंतरी कागदावर का होईना, आपलं नाव त्याच्या नावाला लागून असावं, एवढंच त्यांना वाटत होतं, आणि हे असं बोलून दाखवायची हेडमास्तरला लाज वाटते.

गुरुवारी बापलेक हिंगोलीला गेले. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशाला लाल पेन होतं, ते ते रजेच्या दिवशीही काढत नसत. बँकेच्या शाखाधिकारी नीलांबरी मॅडम होत्या. वयानं फार तर दिपकच्या थोरल्या बहिणीएवढ्या, पण चष्म्यावरून बघायची पद्धत शिक्षणाधिकाऱ्यांची. गुरुजी नकळत सरळ उभे राहिले.

मॅडमनी व्हिसा पाहिला. "यांचं अनिवासी खातं उघडावं लागेल," त्या म्हणाल्या.

"बरोबर. आणि दुसरं नाव माझं," गुरुजी म्हणाले.

"तुमचं नाव लागत नाही."

"मी वडील आहे."

"कळलं मला. पण तुम्ही इथं राहता. अनिवासी खात्यात इथं राहणाऱ्याचं नाव जोडता येत नाही, नियम आहे."

गुरुजींनी आयुष्यात नियम फार पाळले होते आणि त्याहून जास्त पाळायला लावले होते. त्यामुळे नियमाशी भांडायची त्यांना सवय नव्हती.  मॅडमना बहुतेक दया आली. "एका ठिकाणी लावता येईल," त्या म्हणाल्या. "वारस म्हणून. उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर..."

"न्हाई!" गुरुजी इतक्या जोरात ओरडले की दारातल्या बंदूकवाल्यानं आत डोकावून पाहिलं. गुरुजी चिडले की त्यांची मराठी पाठ्यपुस्तकातून खाली उतरत असे. "मी माझ्या लेकराचा वारस व्हऊ? उलटं असतंय ते, मॅडम! त्यो माझा वारस हाय!"

"बा, हळू," दिपक म्हणाला.

मॅडमनी तो रकाना सोडून दिला. "शिवाय ओळख लागेल," त्या पुढे म्हणाल्या. "या शाखेत ज्याचं खातं आहे, असा एक माणूस आणा. तो या मुलाला ओळखतो, अशी त्यानं सही करायची."

"मी ओळखतो," गुरुजी म्हणाले.

"तुमचं खातं आहे इथं?"

गुरुजींचा पगार दुसऱ्या बँकेत होत असे. म्हणजे ज्यांनी दिपकला खांद्यावरून शाळेत नेलं, त्याला बाराखडी शिकवली, त्याच्या गोवराच्या तापात रात्री जागून काढल्या, ते सरकारदरबारी त्याला ओळखत नव्हते. परतीच्या टेम्पोत गुरुजी सेनगाव येईपर्यंत खिशातलं लाल पेन उघडत-मिटत राहिले. सेनगावला फक्त म्हणाले, "चहा घेतो का?" आणि दिपकनं हो म्हणायच्या आत, "नको, उशीर होईल," असंही म्हणाले.

घरी सगळं ऐकून रूपाबाईंनी एकच प्रश्न विचारला. "अनिवासी म्हंजी काय?"

या घरात पोरांच्या शाळेसाठी बंजारा बोली सोडून मराठीच बोलायची, हा गुरुजींचाच दंडक. आता त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. "म्हणजे... इथं न राहणारा."

"कोन न ऱ्हानारा? माझा दिपक?"

"अगं, ते नुसतं खात्याचं नाव आहे."

"नुसतं नाव आसतं का कुठं? उद्या कोन म्हनलं, ह्ये पोरगं हितलं न्हाई, तर? तुमी वाचलेली मानसं, तुमी सही करून मोकळे व्हताल. मी न्हाई व्हऊ देनार." एवढं बोलून रूपाबाई पदर खोचून संतराम नायकांच्या घराकडे निघून गेल्या. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. लग्न, वाटणी, भांडण, तांड्यात काही झालं की त्यांच्यासमोर जातं. गुरुजींना वाटलं, मन हलकं करून येईल. नवऱ्याला बायकोबद्दल जे वाटतं ते बरेचदा असंच असतं.

त्यांना त्या वेळी ओळख देणाऱ्या माणसाची चिंता होती. शुक्रवारचा दिवस त्यांनी सायकलवर काढला. गोरेगावातली सगळी दुकानं विचारून झाली. कुणाचं खातं सेनगावला, कुणाचं रिसोडला, कुणाचं गादीखाली. संध्याकाळी शेषरावांनी त्यांना पतसंस्थेच्या मागच्या बोळात बोलावून घेतलं आणि इकडंतिकडं पाहून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, माझं हाय खातं हिंगोलीत."

"तुमचं? पण तुम्ही तर म्हणालात, सगळं संस्थेत..."

"आता गुरुजी, समदंच डोळ्यासमोर ठिवलं तर झोप लागत न्हाई." शेषरावांनी गुरुजींचा हात धरला. "मी येतो उद्या. लेकराचं कल्याण व्हऊ द्या. पण कुनाला कळू देऊ नका. चेअरमनचं खातं दुसरीकडं हाय असं कळलं, तर ठेवीदार माझ्या दारात मुक्काम टाकतील."

गुरुजींनी शब्द दिला. एवढा वेळ त्यांना आपलं एकट्याचंच हसं होतंय असं वाटत होतं, त्यामुळे शेषरावांकडे पाहून त्यांना जरा बरंही वाटलं.

शनिवारी बँक अर्धा दिवस. गुरुजी आणि दिपक वेळेआधीच दारात हजर. शेषराव वेगळ्या गाडीनं आले, डोक्याला मफलर गुंडाळून. हिंगोलीत फेब्रुवारीत ऊन चढल्यावर मफलर गुंडाळणारा माणूस लपत नाही, उलट दोन-चार जण वळून बघतात. पण शेषरावांना समाधान होतं. तिघं मॅडमसमोर बसले. फॉर्म निघाला. दिपकनं फोटो चिकटवले. मॅडमनी ओळखीचा रकाना शेषरावांसमोर सरकवला, शेषरावांनी खिशातल्या दोन पेनांपैकी चांगलं कोणतं याचा विचार केला, आणि तेवढ्यात बाहेर रणजीतच्या टेम्पोचा हॉर्न वाजला.

तो हॉर्न गुरुजींना झोपेतही ओळखू आला असता. त्यांनी वळून पाहिलं. टेम्पोतून तांडा उतरत होता.

पुढं संतराम नायक, डोक्याला ठेवणीतला लाल फेटा. त्यांच्या मागं म्हातारे, मग बाया, चांदीचे दागिने घातलेल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध रूपाबाई. बंदूकवाल्यानं अडवायचा विचार केला असावा, पण पारुबाई नावाच्या नायकांच्या थोरल्या बहिणीनं त्याला "बाजूला व्हय, लेकरा" असं म्हटलं आणि तो खरंच बाजूला झाला. शेषरावांनी इकडं तांड्याचे चेहरे पाहिले, म्हणजे आपले निम्मे ठेवीदार पाहिले, आणि पेनासकट कॅशियरच्या पिंजऱ्यामागं गेले.

"हे काय आहे?" मॅडम उभ्या राहिल्या.

"ओळख मागितली म्हनं तुमी," नायक म्हणाले. "मंग तांडा आला."

तांड्याची ही रीतच आहे. आपल्या माणसावर कुणी शंका घेतली तर एकट्यानं जाऊन साक्ष द्यायची नसते, सगळ्यांनी जायचं असतं. नायक बोलतो आणि बाकीचे "व्हय" म्हणतात. लग्नात मुलाची चौकशी आली तरी असंच, आणि फौजदार आला तरी असंच. गुरुजींना हे लहानपणापासून माहीत होतं. बँकेतही असंच होईल हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना त्या क्षणी बँकेच्या लोखंडी तिजोरीत जाऊन बसावंसं वाटलं. आपण हेडमास्तर, इस्त्रीचा सदरा, आणि ही मंडळी आपली वरात घेऊन आलेली. टोकन घेऊन बसलेले लोक उठून बघायला लागले होते.

नायकांनी फेटा सारखा केला. "मॅडमसाहेब, ह्ये पोरगं दिपक. आमच्या खैरी तांड्याचं. हितंच जल्मलं."

"व्हय," तांडा म्हणाला.

"ह्येची नाळ हितं पुरली. ह्येचा आजा हितं गेला, आज्याच्या आज्यानं हितं बैलं सोडून तांडा टाकला. ह्ये आमच्या विहिरीत पवायला शिकलं, एकदा बुडता बुडता वाचलं."

"व्हय!"

"ह्यो हितलाच हाय, दुसरीकडं कुठं ऱ्हानारा न्हाई, आन ह्येला कोन अनिवासी म्हनत आसंल तर त्येनं आमाला सांगावं."

"व्हय!" या वेळी टोकनवाल्यांपैकी दोघांनीही व्हय म्हटलं. रूपाबाईंनी डोळ्याला पदर लावला. साक्ष फारच चांगली झाली होती.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाबा," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं आहे. पण तुम्ही पन्नास माणसांसमोर सांगितलंत, की हा मुलगा इथंच राहतो. आता मी हे खातं कसं उघडू? जो इथं राहत नाही, त्याच्यासाठीच ते असतं."

नायकांनी वळून रूपाबाईंकडे पाहिलं. 

"दुसरं नाही का कुठलं?" दिपकनं विचारलं.

"आहे. साधं खातं. त्यात वडिलांचं नावही लागेल. पण तुमच्या कंपनीला ते चालणार नाही, पत्रात स्पष्ट लिहिलंय."

दिपक आईकडे बघत होता. मग तो गुरुजींकडे न बघता म्हणाला, "साधंच उघडा. बाचं नाव घाला त्यात. कंपनी न्हाई म्हनली तर न्हाई. हितं बी करता येतंय काम. हिंगोलीत आता एसी यायलेत."

गुरुजींना जे हवं होतं ते समोर आलं होतं. दोन नावं, एकाखाली एक. नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनी पोराकडे पाहिलं. हिंगोलीत एसी यायलेत हे बोलताना त्याचा आवाज खाली गेला होता. पास झालो नाही हे सांगताना पोरांचा जातो तसा. इतकी वर्षं वर्गात उभं राहून गुरुजींना दुसरं काही कळत नसेल, पण तो आवाज कळत होता.

"नायक," गुरुजी वळून म्हणाले, "साक्ष माघारी घेता येते का?"

"तांड्याची साक्ष माघारी जात न्हाई, गुरुजी. तुमाला ठावं हाय." नायकांनी दिपककडे पाहिलं. "पर बापाचा शब्द तिच्या वर आसतो."

म्हणजे ते आता गुरुजींनाच बोलायला लागणार होतं, आणि तेही रूपाबाईंदेखत. गुरुजींनी सदऱ्याची खालची बाजू ओढली, इन्स्पेक्शनच्या दिवशी ओढत तशी.

"मॅडम, ही माणसं खोटं बोलत न्हाईत," ते म्हणाले. पाठ्यपुस्तक कधीच मागं राहिलं होतं. "समदं खरं हाय. पर माझं पोरगं मंगळवारपासून हितं ऱ्हात न्हाई. मी बाप हाय, मी सांगतो. अनिवासी लिव्हा."

कुणी व्हय म्हटलं नाही. दिपक उठून उभा राहिला होता, त्याला काय करावं ते कळत नव्हतं. रूपाबाई गुरुजींकडे अशा बघत होत्या, की जणू लग्नानंतर पहिल्यांदाच बघत आहेत, आणि बघून फारसं बरं वाटलेलं नाही.

"मग ओळखीची सही," मॅडम हळूच म्हणाल्या. "ते गृहस्थ कुठं गेले?"

शेषराव पिंजऱ्यामागून बाहेर आले. त्यांनी मफलर काढून खांद्यावर टाकला होता. पारुबाई म्हणाली, "आगं बया, चेअरमन! तुमी हितं काहून?" शेषरावांनी एकदा दाराकडं पाहिलं आणि एकदा दिपककडं. "माझं खातं हाय हितं," ते म्हणाले. "बोला, काय बोलायचं ते नंतर बोला. आदी लेकराच्या ओळखीची सही व्हऊ द्या." आणि त्यांनी सही केली, चांगल्या पेनानं. पुढचे आठ दिवस त्यांच्या दारात काय झालं ही वेगळी गोष्ट आहे, पण ठेवी कुणी काढल्या नाहीत, हे इथं सांगितलं पाहिजे.

मॅडम फॉर्म तपासत होत्या. "मस्कतचा पत्ता लिहिलाय. खाली कायमचा पत्ता राहिलाय. गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं दिसतं, तुम्हीच लिहा."

गुरुजी वाकून लिहायला लागले. रूपाबाई पुढं आल्या. टेम्पोतून उतरल्यापासून त्या गुरुजींशी पहिल्यांदा बोलल्या. "काय लिहून राहिलात?"

"पत्ता."

"कुठला? तिकडचा?"

"तिकडचा वर लिहिला. तो बदलत राहील. हा कायमचा."

"कायमचा म्हंजी?"

गुरुजींनी मान वर केली नाही. "म्हणजे कुठंबी गेला तरी हाच."

रूपाबाईंनी मागं वळून तांड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

गुरुजींनी कागद उचलला आणि वर्गात वाचतात तसा वाचायला सुरुवात केली. "कायमचा पत्ता. दिपक मोहनसिंग राठोड, मुक्काम खैरी तांडा..." त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, शाळेत कधी खडूच्या धुळीनंही बसला नव्हता. तो तिथं बसला. त्यांनी खाकरून पाहिलं. कागद तसाच हातात धरून ते उभे राहिले.

पुढचं रूपाबाईंनी म्हटलं, कागदाकडे न बघता. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेकराकडून घरचा पत्ता त्यांनीच पाठ करून घेतला होता. "पोस्ट गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली."

"व्हय," तांडा म्हणाला.

मॅडमनी शिक्का मारला.